भुईमुगाचे खत व्यवस्थापन : जमिनीतून काय द्यावे, पानांवर काय फवारावे

पहिल्यांदाच भुईमूग करणारा शेतकरी बहुधा सोयाबीन किंवा कापसाच्या अनुभवावरून खताचा अंदाज बांधतो आणि पेरणीच्या वेळी डीएपीची (डाय-अमोनियम फॉस्फेट या खताची) एक गोणी टाकून मोकळा होतो. पीक हिरवेगार दिसते, झाडे चांगली फुटतात, पण काढणीला शेंगा हातात घेऊन दाबल्या की निम्म्या पोचट लागतात. यात बियाण्याचा किंवा पावसाचा दोष असू शकतो, परंतु पुष्कळदा कारण खताच्या निवडीत आणि ते टाकण्याच्या जागेत असते. म्हणून प्रत्यक्ष मात्रांकडे वळण्यापूर्वी या पिकाची एक खोड समजून घेणे आवश्यक आहे.

शेंग आपले कॅल्शियम स्वतः घेते

भुईमुगाचे फूल जमिनीच्या वर उमलते आणि फलन झाल्यावर त्याच्या बुडातून आरी निघून ती मातीत शिरते. आरीच्या टोकाला जमिनीखाली शेंग धरते. झाडाला लागणारे नत्र, स्फुरद आणि पालाश मुळांतून व पानांतून शेंगेपर्यंत पोहोचते, कॅल्शियम मात्र तसे पोहोचत नाही. कॅल्शियम मुळांतून पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि जिथून पाण्याचे बाष्प होते तिकडे, म्हणजे पानांकडे जाते. पानांतून ते पुन्हा खाली उतरत नाही. मातीत गाडली गेलेली शेंग बाष्प सोडत नसल्यामुळे तिच्याकडे हा प्रवाह वळतच नाही. परिणामी शेंगेला लागणारे कॅल्शियम तिने आपल्या टरफलातून, सभोवतालच्या ओल्या मातीतून थेट शोषून घ्यावे लागते.

या एका गोष्टीतून पुढचे बरेचसे निर्णय आपोआप ठरतात. कॅल्शियम शेंगा असतात त्या थरात, म्हणजे वरच्या ५ ते ८ सेंटिमीटर मातीत असले पाहिजे. ते शेंगा पोसू लागण्याआधी तिथे पोहोचले पाहिजे. ते विरघळण्याइतकी ओल त्या थरात असली पाहिजे. आणि पानांवर कॅल्शियम फवारून शेंगेची भूक भागत नाही. कॅल्शियम कमी पडले तर शेंगेचे टरफल पूर्ण वाढते पण आत दाणा भरत नाही, किंवा दाणा भरला तरी त्याच्या आतला कोंब काळपट पडतो आणि असे बियाणे नीट उगवत नाही. मोठ्या दाण्याच्या वाणांना ही कमतरता लहान दाण्याच्या वाणांपेक्षा लवकर जाणवते.

माती परीक्षण : पेरणीच्या महिना-दीड महिना आधी

खरिपासाठी मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत, तर जानेवारी-फेब्रुवारीत पेरल्या जाणाऱ्या उन्हाळी भुईमुगासाठी डिसेंबरमध्ये मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेलेला असावा. शेतात नागमोडी चालत आठ ते दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या एका बाजूची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती काढावी आणि सगळी माती एकत्र मिसळावी. मग तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून देत देत अर्धा किलो माती उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग पडला होता तिथली आणि पाणी साचणारी जागा नमुन्यासाठी टाळावी. शेताचा एक भाग मुरमाड आणि दुसरा काळा असेल, तर दोन वेगळे नमुने काढावेत. त्यांची सरासरी कोणत्याच भागाला लागू पडत नाही.

अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद आणि पालाश असतेच, पण भुईमुगासाठी गंधक, जस्त, लोह, बोरॉन आणि चुनखडीचे प्रमाण यांचीही तपासणी आवर्जून मागून घ्यावी. सर्वसाधारणपणे एक किलो मातीत जस्त ०.६ मिलिग्रॅमपेक्षा, लोह ४.५ मिलिग्रॅमपेक्षा, गंधक १० मिलिग्रॅमपेक्षा आणि बोरॉन ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ती जमीन त्या अन्नद्रव्यात कमी समजली जाते. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या योजनेतली मृदा आरोग्य पत्रिका हाताशी असेल तर यातले बरेच आकडे तिच्यात सापडतात. मात्र पत्रिका जुनी असेल किंवा त्यानंतर पीकपद्धती बदलली असेल, तर नवा नमुना देणे श्रेयस्कर.

जमिनीची तयारी आणि शेणखत

भुईमुगाला मध्यम, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते, कारण आरी टणक मातीत शिरू शकत नाही. सामू ६ ते ७.५ या दरम्यान असेल तर बहुतेक अन्नद्रव्ये उपलब्ध राहतात. शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी चांगले कुजलेले शेणखत एकरी २ ते ४ टन पसरून मिसळावे. इथे ‘चांगले कुजलेले’ या शब्दांकडे दुर्लक्ष करू नये : अर्धवट कुजलेल्या खतामुळे हुमणी आणि वाळवीचा उपद्रव वाढतो, आणि ज्या पिकाचे उत्पन्नच जमिनीखाली आहे त्याला हे परवडणारे नाही.

कोकणातल्या आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जास्त पावसाच्या पट्ट्यातल्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी असतात. तिथे प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेत शेतीचा चुना पेरणीपूर्वी दोन ते तीन आठवडे आधी मिसळावा. जिप्सम (कॅल्शियम आणि गंधक असलेले खनिज) हा चुन्याला पर्याय नव्हे. जिप्सममधून कॅल्शियम मिळते, पण त्याने जमिनीचा आम्लपणा कमी होत नाही. याउलट चुनखडीच्या काळ्या जमिनीत चुना टाकण्याचे काहीच कारण नाही. तिथला प्रश्न लोहाचा असतो, त्याकडे पुढे येऊ.

कोणते खत आणि किती : एकराचा हिशेब

महाराष्ट्रात भुईमुगासाठी सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी आहे. एकराच्या भाषेत ती १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद होते. पालाशाची गरज माती परीक्षणावरून ठरवावी. महाराष्ट्रातल्या बऱ्याच काळ्या जमिनींत पालाश पुरेसे असते. कमी असल्यास हेक्टरी ३० किलो, म्हणजे एकरी १२ किलो पालाश द्यावे. अहवालात एखादे अन्नद्रव्य ‘कमी’ असेल तर त्याची मात्रा साधारण पावपट वाढवावी आणि ‘भरपूर’ असेल तर तेवढीच घटवावी.

ही मात्रा दोन प्रकारे देता येते. पहिला मार्ग सिंगल सुपर फॉस्फेट आणि युरियाचा. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असते, त्यामुळे २० किलो स्फुरदासाठी १२५ किलो, म्हणजे ५० किलोच्या अडीच गोण्या लागतात. आणि १० किलो नत्रासाठी सुमारे २२ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोची साधारण अर्धी गोणी. दुसरा मार्ग डीएपीचा. त्यात ४६ टक्के स्फुरद आणि १८ टक्के नत्र असल्याने सुमारे ४३.५ किलो डीएपीतून २० किलो स्फुरद आणि जवळपास ८ किलो नत्र मिळते, आणि उरलेल्या नत्रासाठी ५ किलोच्या आसपास युरिया पुरतो.

वाहतूक आणि मजुरी पाहता डीएपी सोपे वाटते यात शंका नाही. तरीही भुईमुगासाठी माझे मत स्पष्टपणे सुपर फॉस्फेटच्या बाजूने आहे. त्याच्या अडीच गोण्यांतून स्फुरदाबरोबर सुमारे १४ किलो गंधक आणि त्याहून अधिक कॅल्शियम जमिनीत जाते, तर डीएपीतून यातले काहीही मिळत नाही. भुईमूग हे तेलबिया पीक आहे आणि दाण्यात तेल व प्रथिने तयार होण्यासाठी गंधक अपरिहार्य आहे. सुपर फॉस्फेट मिळालेच नाही आणि डीएपी वापरावे लागले, तर पेरणीच्या वेळचे जिप्सम कोणत्याही परिस्थितीत वगळू नये.

१०:२६:२६ सारखी संयुक्त खते (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाच्या टक्क्यांचे) दुकानात सहज पुढे केली जातात. पालाशाची कमतरता नसलेल्या जमिनीत ती टाळावीत. शेंगांच्या थरात पालाश जास्त झाले की शेंगेला कॅल्शियम घेणे अवघड जाते आणि पोचट शेंगांचे व शेंगकुजीचे प्रमाण वाढू शकते. पालाश द्यायचेच असेल तर ते पेरणीआधी जमिनीत खोलवर मिसळावे, उभ्या पिकात वरून टाकू नये.

नत्राबाबत आणखी एक सूचना. भुईमूग हे द्विदल पीक असून त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र पिकाला मिळवून देतात. जमिनीतून दिलेले १० किलो नत्र गाठी कामाला लागेपर्यंतच्या पहिल्या तीन आठवड्यांची सोय आहे. शेजारच्या शेतातला मका युरियाने कसा काळाभोर झाला हे पाहून भुईमुगालाही युरिया ओढण्याचा मोह होतो. तसे केल्यास गाठी आळसावतात, पाला माजतो आणि आऱ्या कमी सुटतात.

सूक्ष्म अन्नद्रव्ये : कमी असतील तरच

अहवालात कमतरता दिसली तर एकरी ८ किलो झिंक सल्फेट, ८ ते १० किलो फेरस सल्फेट आणि २ किलो बोरॅक्स या मर्यादेत गरजेपुरते द्यावे. झिंक सल्फेट स्फुरदयुक्त खतात मिसळून पेरू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास जस्त अडकून बसते. झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेट चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून काही दिवस सावलीत ठेवावे आणि मग सरीतून द्यावे. चुनखडीच्या जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकले तर त्यातले लोह थोड्याच काळात पिकाला निरुपयोगी स्वरूपात बदलते.

बोरॉनच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. त्याच्या कमतरतेने दाण्याच्या दोन डाळिंब्यांच्या आतल्या बाजूला तपकिरी खोलगट पोकळी तयार होते आणि बाहेरून चांगला दिसणारा दाणा बाजारात भाव गमावतो. पण कमतरता आणि अतिरेक यांच्यात अंतर फार थोडे आहे, आणि जास्त झाल्यास पानांच्या कडा करपतात. त्यामुळे माती परीक्षणाशिवाय बोरॅक्स टाकू नये आणि टाकलेच तर ते वाळूत किंवा शेणखतात मिसळून सर्वत्र सारखे पसरावे.

बीजप्रक्रिया

जिवाणू संवर्धक हेही एक प्रकारचे खतच आहे, आणि सर्वांत स्वस्त. बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळावे, ते सुकू द्यावे आणि पेरणीच्या थोडे आधी रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) व स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावावेत. प्रत्येकी २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या थंड द्रावणात संवर्धक कालवून ते बियाण्यावर शिंपडावे आणि हलक्या हाताने खालीवर करावे. भुईमुगाच्या दाण्याची साल पातळ असते, जोराने चोळल्यास ती निघते आणि असा दाणा जमिनीत कुजतो. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. पाकिटावर भुईमुगाचे नाव आणि वापरण्याची अंतिम तारीख पाहून घ्यावी, कारण हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे रायझोबियम इथे चालत नाही. ज्या शेतात पूर्वी कधीच भुईमूग झालेला नाही, तिथे ही पायरी गाळू नये.

पेरणीच्या वेळी खत कुठे पडावे

खत बियाण्याला चिकटून पडले तर उगवण घटते. दोन चाड्यांची पाभर (खत आणि बियाणे वेगवेगळे सोडणारे पेरणीचे अवजार) असेल तर खत बियाण्याच्या बाजूला आणि सुमारे ५ सेंटिमीटर खाली पडेल अशी ती लावून घ्यावी. तशी पाभर नसेल तर आधी खत पेरून घ्यावे आणि नंतर बियाणे वरच्या थरात टोकावे. स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही, म्हणून ते फोकून देण्यापेक्षा मुळांच्या वाटेवर पेरून देणे अधिक फायद्याचे ठरते. नत्र, स्फुरद आणि आवश्यक असल्यास पालाश यांची पूर्ण मात्रा याच वेळी द्यायची असते; नंतर हप्ते पाडायचे नसतात.

जिप्समची एकूण शिफारस हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६० किलो आहे आणि ती दोन समान भागांत विभागली जाते. त्यातले पहिले ८० किलो पेरणीच्या वेळी जमिनीत मिसळावे.

पहिला महिना : गाठी पाहाव्यात

उगवणीनंतर दोन-अडीच आठवड्यांनी पीक थोडे पिवळसर दिसू लागते आणि नवख्या शेतकऱ्याचा धीर सुटतो. बियाण्यातला साठा संपलेला असतो आणि गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात, अशी ही मधली वेळ असते. अशा वेळी दुकानाची वाट धरण्यापूर्वी वाफसा (जमिनीत बेताची ओल) असताना दोन-तीन झाडे खुरप्याने मातीच्या ढेकळासह उचलावीत, मुळे पाण्यात हलवून धुवावीत आणि एखादी गाठ नखाने फोडून पाहावी. आतला भाग गुलाबी किंवा तांबूस असेल तर गाठ नत्र तयार करत आहे आणि काही दिवसांत पीक आपोआप सावरेल. आतून ती पांढरी किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच मोजक्या असतील, तर २ टक्के युरियाची एक फवारणी करण्यास हरकत नाही.

कोळपण्या आणि खुरपणी याच काळात उरकून घ्याव्यात. आऱ्या मातीत शिरू लागल्यावर, म्हणजे साधारण ४५ दिवसांनंतर, पिकात कोळपे घालू नये. त्याने आऱ्या तुटतात आणि तुटलेली आरी पुन्हा शेंग धरत नाही. शेवटची कोळपणी करून झाडांना मातीची हलकी भर लावण्याची वेळ म्हणजेच जिप्समच्या दुसऱ्या हप्त्याची वेळ होय.

जिप्समचा दुसरा हप्ता

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी. पीक फुलोऱ्यात असताना आणि आऱ्या सुटायला लागताना, म्हणजे पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांच्या दरम्यान, उरलेले ८० किलो जिप्सम झाडांच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी पट्ट्यात द्यावे. उन्हाळी पिकात सुरुवातीच्या थंडीमुळे वाढ मंद असते आणि फुले उशिरा लागतात, त्यामुळे कॅलेंडरपेक्षा झाडाकडे पाहून वेळ ठरवावी : फांद्या बाजूला केल्यावर जांभळट टोकाच्या आऱ्या खाली वळलेल्या दिसू लागल्या की वेळ झाली. शेंगा भरू लागल्यानंतर टाकलेल्या जिप्समचा फारसा उपयोग होत नाही.

मात्रा सारखी पडावी म्हणून एक हिशेब सोयीचा पडतो. ओळींतले अंतर ३० सेंटिमीटर असेल तर एकरात सुमारे साडेतेरा हजार मीटर लांबीच्या ओळी बसतात. म्हणजे ८० किलो जिप्सम १० मीटर ओळीला साधारण ६० ग्रॅम एवढेच येते. एकदा ६० ग्रॅम वजन करून ते डब्यात किंवा मुठीत किती होते हे मजुरांना प्रत्यक्ष दाखवावे. असे केले नाही तर पहिल्या चार सऱ्यांत निम्मे पोते रिकामे होते आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला काहीच पोहोचत नाही.

दव किंवा पावसाने पाने ओली असताना जिप्सम टाकू नये, कारण पानांवर भुकटी चिकटून बसते आणि जमिनीवर पडायची ती वर राहते. ते टाकल्यावर हलक्या कोळप्याने किंवा खुरप्याने मातीत मिसळावे, भर लावावी आणि पाऊस नसल्यास लगेच हलके पाणी द्यावे. जिप्सम चुन्यापेक्षा पुष्कळ लवकर विरघळते, पण त्यालाही ओल लागतेच. आऱ्या सुटण्यापासून शेंगा पोसेपर्यंत जमिनीचा वरचा थर कोरडा पडला तर खाली मुळांना पाणी मिळत असूनही शेंगा पोचट राहू शकतात; पसरट जमिनीत तुषार सिंचन या कामी विशेष उपयोगी पडते.

जिप्सम घेताना ते कोरडे, बारीक भुकटीसारखे आहे याची खात्री करावी. ओले, ढेकळे झालेले जिप्सम वजनाला भरते पण सारखे पसरत नाही. ‘आमच्या काळ्या जमिनीत चुनखडीच एवढी आहे, मग कॅल्शियम कशाला?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. चुनखडीतले कॅल्शियम फार सावकाश विरघळते, आणि जिप्सममधले गंधक तर चुनखडीतून मिळतच नाही.

गादीवाफ्यावर प्लॅस्टिक आच्छादन अंथरून भुईमूग करणाऱ्यांना हा दुसरा हप्ता देता येत नाही. त्यांनी सगळे जिप्सम आच्छादन अंथरण्यापूर्वीच वाफ्याच्या वरच्या थरात मिसळून घ्यावे.

पानांवरची फवारणी : तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी

फवारणीचा मोह मोठा असतो, कारण परिणाम चार दिवसांत डोळ्यांना दिसतो. तिची खरी ताकद एका साध्या गुणाकारातून कळते. एकरी २०० लिटर पाण्यात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम घेतले तर एकूण १ किलो खत लागते आणि त्यातून नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९० ग्रॅम मिळते. जमिनीतून आपण २० किलो स्फुरद दिले होते. त्याच्या तुलनेत हे नगण्य आहे. उलट त्याच २०० लिटर पाण्यात १ किलो फेरस सल्फेट विरघळवले तर सुमारे १९० ग्रॅम लोह पानांवर पडते, आणि पिकाची लोहाची गरज मुख्य अन्नद्रव्यांच्या मानाने फार थोडी असल्याने ही मात्रा तिच्या दृष्टीने मोलाची ठरते. म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी फवारणी हा खरा उपाय आहे, मुख्य अन्नद्रव्यांसाठी ती केवळ अडचणीच्या वेळचा आधार आहे.

हा आधार घेण्याचे प्रसंग तीन. पहिला, फुलोऱ्याच्या आरंभी, पेरणीवेळी स्फुरद कमी पडले असेल तर २ टक्के डीएपीची फवारणी : १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम या हिशेबाने डीएपी आदल्या रात्री थोड्या पाण्यात भिजत घालावे, सकाळी वरची निवळी फडक्यातून गाळून घ्यावी आणि गाळ टाकून द्यावा, न गाळता ओतल्यास पंपाचे नोझल तुंबते. गरज वाटल्यास दहा-पंधरा दिवसांनी ती पुन्हा करावी. दुसरा प्रसंग, जास्त पावसाने शेतात पाणी साचून मुळे काही दिवस निकामी झाल्यावर. अशा वेळी आधी चर काढून पाणी बाहेर काढावे आणि मग १९:१९:१९ फवारावे. तिसरा, शेंगा भरताना पावसाने ताण दिल्यास १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५ हे खत पंपाला १५० ग्रॅम या प्रमाणात. या तीन प्रसंगांवाचून, पीक निरोगी असताना दर आठवड्याला रंगीत बाटल्यांतली टॉनिके फवारणे हा माझ्या मते निव्वळ खर्च आहे.

लोहाची कमतरता ओळखणे आणि दुरुस्त करणे

पिवळेपणा कशाचा आहे हे पानाच्या वयावरून ओळखावे. खालची, जुनी पाने आधी फिकट झाली तर नत्राची कमतरता असण्याचा संभव असतो. शेंड्याची कोवळी पाने शिरांसकट एकसारखी फिकट पिवळी झाली तर गंधकाची. आणि शेंड्याच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून त्यांच्यामधला भाग पिवळा पडला, व पुढे पान कागदासारखे पांढरे झाले, तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या काळ्या जमिनीत, पाटाच्या कडेला, सखल कोपऱ्यात, जिथे ओल सरत नाही तिथे हे पट्टे सर्वांत आधी दिसतात. जमिनीत लोह असते, पण ओल आणि चुनखडी यांमुळे तयार होणारे बायकार्बोनेट ते मुळांना घेऊ देत नाही. त्यामुळे पहिला उपाय पाणी तोडणे हाच आहे. वाफसा आल्यावर सौम्य पिवळेपणा अनेकदा स्वतःहून जातो. रुंद वरंबा आणि सरी पद्धतीने लावलेल्या भुईमुगात हा त्रास कमी दिसण्याचे कारणही निचरा हेच आहे.

खात्री नसेल तर सगळ्या शेतावर खर्च करण्यापूर्वी पिवळ्या पट्ट्यातल्या पाच-सहा झाडांवरच लोहाचे द्रावण फवारून खूण करून ठेवावी. चार-पाच दिवसांत ती झाडे हिरवी झाली तर निदान बरोबर आहे.

द्रावण तयार करताना क्रमाला महत्त्व आहे. १५ लिटर पाण्यात आधी १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे आणि नंतर ७५ ग्रॅम फेरस सल्फेट टाकावे. आम्लामुळे लोह द्रावणात टिकून राहते. फेरस सल्फेटचे खडे फिकट हिरवे असावेत. पिशवी उघडल्यावर ते गंजासारखे तपकिरी दिसले तर ते हवेने बिघडलेले आहे आणि फवारून उपयोग नाही. तयार द्रावणही उभ्या उभ्या तपकिरी होऊ लागते, म्हणून लागेल तेवढेच करून लगेच वापरावे. झाड जुन्या पानातले लोह नव्या पानाला फारसे देऊ शकत नाही. त्यामुळे पहिल्या फवारणीने हिरवी झालेली पाने हिरवी राहतात पण त्यानंतर फुटणारी पुन्हा पिवळी येऊ शकतात, आणि म्हणूनच ८ ते १० दिवसांच्या अंतराने दुसरी, गरज पडल्यास तिसरी फवारणी करावी लागते.

जस्ताची कमतरता असल्यास १५ लिटर पाण्यात ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मे विझवलेल्या चुन्याची निवळी घ्यावी. चुना न घातल्यास पाने भाजण्याची शक्यता असते.

फवारणीचे नियम

सकाळी दव वाळल्यावर किंवा सायंकाळी ऊन उतरल्यावर फवारावे. फेरस सल्फेट किंवा झिंक सल्फेट स्फुरदयुक्त विद्राव्य खतांबरोबर, म्हणजे १२:६१:० किंवा ०:५२:३४ बरोबर, एका पंपात मिसळू नये. साका तयार होतो आणि दोन्ही वाया जातात. कॅल्शियम नायट्रेटही स्फुरदयुक्त वा सल्फेटयुक्त खतांबरोबर चालत नाही. बुरशीनाशकात खत मिसळायचे असेल तर आधी काचेच्या बरणीत थोडे मिश्रण करून अर्धा तास ठेवावे, गाळ बसला किंवा दाट झाले तर वेगवेगळ्या दिवशी फवारावे. तणनाशकासाठी वापरलेला पंप या कामी घेऊ नये. आणि टिक्का रोगाकडे (पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगाकडे) दुर्लक्ष करून पोषक द्रव्ये फवारण्यात अर्थ नाही : पानेच गळून गेली तर फवारलेले घेणार कोण?

काढणीच्या वेळची तपासणी

खत बरोबर बसले की नाही याचा निकाल काढणीच्या दिवशी शेतातच मिळतो, फक्त तो पाहण्याची सवय लागते. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा झाडे उपटून त्यांच्या पक्व शेंगांतल्या शंभर शेंगा मोजून घ्याव्यात आणि त्या फोडाव्यात. किती पोचट निघाल्या, किती शेंगांत एकच दाणा भरला, याची नोंद करावी. मग त्यातले वीस-पंचवीस दाणे दुभागून पाहावेत : आतला कोंब काळपट असेल तर कॅल्शियम कमी पडले, आणि डाळिंब्यांच्या आतल्या अंगाला तपकिरी पोकळी असेल तर बोरॉन. पोचट शेंगा सगळ्या शेतात सारख्या आहेत की ठरावीक पट्ट्यात, हेही पाहावे. पट्ट्यात असतील तर जिप्सम असमान पडल्याचा किंवा तिथे पाणी कमी पोहोचल्याचा संशय घ्यावा.

ही नोंद वहीत लिहून ठेवावी आणि शेत रिकामे होताच, पुढच्या पिकाचे शेणखत पडण्याआधी, मातीचा पुढचा नमुना काढावा. भुईमुगाचा पाला जनावरांना घातला तर त्यातले नत्र शेताबाहेर जाते, गाडला तर शेतात राहते. तेव्हा पुढच्या गव्हाची किंवा ज्वारीची नत्राची मात्रा ठरवताना पाला कुठे गेला हेही हिशेबात धरावे.